विडरशिन्स

आमच्या सोसायटीच्या बागेत सगळे घड्याळाच्या दिशेनेच चालतात. तसा नियम वगैरे काही नाही. परवा मी तंद्रीत उलटा निघालो, तर समोरून येणारे एक आजोबा थबकले. "काय हो, प्रदक्षिणा उलटी का?"

या उलटेपणासाठी इंग्रजीत एक झकास क्रियाविशेषण आहे: विडरशिन्स. स्कॉटलंडात रुळलेलं. जुन्या जर्मनमधल्या 'विरुद्ध' आणि 'दिशा' अशा अर्थाच्या दोन शब्दांची ही जोडी. १५१३ सालच्या एका स्कॉट कवितेत ते भीतीने ताठ उभ्या राहिलेल्या केसांसाठी आलंय. पुढे त्याला सूर्य चिकटला. सूर्य जातो त्याच्या उलट जाणं म्हणजे विडरशिन्स, आणि ते चेटकिणींचं काम. एका जुन्या गोष्टीत चेंडू आणायला चर्चला उलटी फेरी घालून गेलेली मुलगी थेट परीराज्यातच गडप होते. बागेतल्या आजोबांचा चेहरा साधारण त्याच काळजीचा होता.

पण मला खरी गंमत वाटली ती याच्या विरुद्धार्थी शब्दाची. सूर्य जातो त्याच दिशेने जाणं म्हणजे 'डीझल'. हो, उच्चार पेट्रोलपंपावरच्यासारखाच. हा शब्द स्कॉटलंडातल्याच गेलिक भाषेतला. त्यातल्या 'डेस'चा अर्थ उजवा, आणि दक्षिणसुद्धा! उगवतीकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला दक्षिण, हे त्यांनीही धरलं आणि आपणही. आपला 'दक्षिण' आणि त्यांचा 'डेस' एकाच कुळातले. म्हणजे प्रदक्षिणेचा एक चुलतभाऊ तिकडे थंडीवाऱ्यात फेऱ्या घालतोय.

आमची आजी मात्र दोन्ही दिशांची. शंकराच्या देवळात ती माझं मनगट धरून चालायची. गाभाऱ्याच्या भिंतीतून अभिषेकाचं पाणी बाहेर पडायचं, त्या शेवाळलेल्या पन्हळीपाशी आलं की मनगटाला हिसका. "ओलांडायचं नाही, फीर मागे." मग आल्या वाटेने उलटं, पन्हळीच्या दुसऱ्या बाजूपर्यंत, आणि तिथून पुन्हा सुलटं. अर्धं डीझल, अर्धं विडरशिन्स. 'सव्यापसव्य' हा शब्द मी पुढे ऐकला, पण तो मला कुणी समजावून सांगावा लागला नाही.

आजोबांना यातलं काही बोललो नाही. हसलो आणि उलटाच चालत राहिलो. सुलट चालताना इतके दिवस मला त्यांची फक्त पाठ दिसायची. आता एका फेरीत ते दोनदा समोरून येतात, आणि दोन्ही वेळा मान हलवतात.