काड्यांचे पूल आणि चिनाबचा डोंगर

१५ सप्टेंबर, अभियंता दिन, हा आमच्या सिव्हिल विभागाचा सण. विश्वेश्वरय्यांच्या फोटोला झेंडूचा हार, सर्व्हे लॅबच्या दारात रांगोळी. मेकॅनिकलवाले चिडवायचे, "झाला का तुमच्या आजोबांचा वाढदिवस?" चिडवू देत. विश्वेश्वरय्या पुण्यात शिकून १८८३ साली इंजिनिअर झाले आणि १९०३ मध्ये खडकवासला धरणाला त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले, हे प्रत्येक भाषणात यायचंच. त्यामुळे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही ते पाठ.

खरी गर्दी व्हायची ती पुलांच्या स्पर्धेला. आइस्क्रीमच्या काड्या फेव्हिकॉलने चिकटवून केलेला पूल दोन टेबलांवर टेकवायचा, मधोमध बादली टांगायची आणि तिच्यात वाळू ओतत राहायचं. सगळ्यांचे डोळे मधल्या काडीवर. आमचे सॉइल मेकॅनिक्सचे, म्हणजे पायाखालच्या मातीचं शास्त्र शिकवणारे सर मात्र गुडघे टेकून टेबलाची कड बघत बसत. "वर काय बघताय? टेकला कुठे आहे ते बघा!" कित्येक पूल मोडायचेच नाहीत, कडेवरून सरकून बादलीसकट खाली यायचे. त्याचा आनंद सरांनाच सगळ्यात जास्त.

२०२५च्या कार्यक्रमाला निवृत्त झालेले सर पहिल्या रांगेत होते, आम्ही माजी विद्यार्थी मागे. तिसऱ्या वर्षाची एक मुलगी प्रा. जी. माधवी लता यांच्यावर बोलली. ६ जूनलाच जम्मू-काश्मीरमधल्या चिनाब नदीवरच्या रेल्वेपुलाचं उद्घाटन झालं होतं. नदीपात्रापासून उंची ३५९ मीटर, लांबी १,३१५ मीटर, कमानीचा गाळा, म्हणजे दोन टेकूंमधलं अंतर, ४६७ मीटर. आकडे झटपट उरकून ती सरळ डोंगरात शिरली. माधवी लता बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सिव्हिलच्या प्राध्यापिका. आयआयटी मद्रासमधून पीएच.डी. या पुलाच्या भू-तांत्रिक (पायाखालचा खडक आणि उतार तपासणाऱ्या) सल्लागार म्हणून त्यांची जवळपास १७ वर्षं गेली. खडक भेगाळलेला, उतार अंगावर येणारा. सगळं आधीच कागदावर पक्कं करणं शक्य नव्हतं. खोदताना जो खडक समोर येईल, त्याप्रमाणे आराखडा बदलत न्यावा लागला.

सरांना राहवेना. "भेगा दरीकडे उतरत असतील तर?"

"मग वरचा थर घसरतो, सर. आधी अँकर, म्हणजे लांब पोलादी सळया मारून तो मागच्या पक्क्या खडकाला बांधायचा."

सर मागे वळून आमच्याकडे बघून हसले. आमच्या वेळी हे उत्तर वर्गात कुणालाच आलं नसणार!

उद्घाटनाच्या वेळी माधवी लता स्पेनमध्ये परिषदेला होत्या. 'मोहिमेमागची स्त्री' वगैरे बिरुदं निराधार आहेत, मी हजारोंपैकी एक, मला उगाच प्रसिद्ध करू नका, असं त्यांनी नंतर लिहिलं. मला ते अर्धंच पटतं. कमानीचे फोटो सगळेच काढतात. उतार धरून ठेवणाऱ्याचं नाव एकदा तरी छापून आलं तर बिघडलं कुठे?

वडापाव खाताना हे बोललो, तर ठेकेदारीतला आमचा एक मित्र उसळलाच. "आणि वेल्डरांची नावं कोण छापणार?" चहाची किटली दोनदा फिरली तरी वाद मिटला नाही.