आज्जी गैरहजर, मी हजर

आमच्या आज्जीनं गेल्या दोन वर्षांत परड्याच्या पलीकडं पाऊल टाकलेलं नाही. खुब्याचं हाड मोडल्यापासून खाट, ओसरी आणि न्हाणी एवढंच तिचं जग. तरी निवडणूक आयोगाच्या कागदावर तिचं नाव 'अनुपस्थित मतदार'. आणि मी, जो अकरा वर्षं पुण्यात राहून महिन्या-दीड महिन्यानं गावी तोंड दाखवतो, तो त्याच यादीत चांगला हजर. २०२४ च्या लोकसभेला या दोघांचं मतदान पार पाडताना जे काय झालं ते लिहून ठेवतोय.

आमचं गाव बेळगाव तालुक्यात, उचगावच्या पट्ट्यात. शेताच्या पलीकडं थोडं गेलं की चंदगड तालुका, म्हणजे महाराष्ट्र. २०२३ च्या विधानसभेला, १० मे रोजी, आम्ही आज्जीला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी उचलून शाळेपर्यंत नेलं होतं. ऊन असं की खुर्चीचे हात पोळत होते. मतदान करून आल्यावर ती दोन दिवस विव्हळत होती. आणि त्यानंतर आम्हाला कळलं, की ऐंशीच्या वरच्या लोकांना त्या वेळी घरी बसून मत देता येत होतं. त्यासाठी १२ डी नावाचा फॉर्म लागतो, तो निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांच्या आत द्यायचा असतो. आमच्या दारात तो फॉर्म कोणी आणला नव्हता, आणि आम्हीही कोणाला विचारलं नव्हतं.

म्हणून यंदा मी आधीपासून कान टवकारून होतो. मार्चच्या पहिल्याच आठवड्यात बातमी आली, वयाची अट ऐंशीवरून पंच्याऐंशी केली. आज्जी अठ्ठ्याऐंशीची, मला काळजी नव्हती. शिवरात्रीला गावी आलो तेव्हा सहज मोबाईलवर यादीतलं तिचं नाव काढलं. वय : ८३.

"काय बघूलालास एवढं त्या फोनात?" आज्जीनं विचारलं.

"तुझं वय पाच वर्षांनी कमी झालंय, आज्जे."

"बरं झालं की."

बरं काही झालं नव्हतं. कधीकाळी नाव नोंदवणाऱ्यानं तोंडाकडं बघून आकडा टाकला असणार, आणि तोच वर्षानुवर्षं पुढं सरकत आला. थोरल्या काकांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्म १९५४ चा आहे. यादीचं खरं धरलं तर ते जन्मले तेव्हा आज्जी तेरा वर्षांची होती. आधारवर तिची जन्मतारीख १ जानेवारी १९३६. आता एक जानेवारीला आमचं निम्मं गाव जन्मलंय हे मला माहीत आहे, पण सरकारला तारीख लागते आणि मतदार यादीच्या फॉर्मला तेव्हा आधार हा जन्मतारखेचा पुरावा म्हणून चालत होता. घरून मत द्यायचं तर यादीतलं वय धरतात, आपण सांगू ते नाही. दुसरा रस्ता होता तो चाळीस टक्के अपंगत्वाच्या दाखल्याचा; पण त्यासाठी तिला मोठ्या दवाखान्यात न्यायचं म्हणजे शाळेपर्यंत नेण्यापेक्षा मोठा वनवास.

दुसऱ्याच दिवशी दुरुस्तीचा फॉर्म ८ ऑनलाईन भरला. आमच्या बीएलओ, म्हणजे केंद्राची मतदार यादी सांभाळणाऱ्या अधिकारी, या अंगणवाडीच्या टीचर. त्यांनी घरी येऊन आज्जीला बघितलं, आधार बघितलं. त्या कन्नड शाळेत शिकलेल्या, पण मराठी आमच्याइतकीच बोलतात. "वयस्सु बदलायचंय ना, लगेच केलात ते चांगलं. इलेक्शन डिक्लेअर झालं की दुरुस्त्या थांबवतात," म्हणाल्या. १६ मार्चला निवडणूक जाहीर झाली. तोवर आमचा अर्ज आत गेला होता. एप्रिलच्या सुरुवातीला यादीत ८८ दिसलं तेव्हा मी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये एकटाच हसत होतो.

पुढचं आईनं केलं. आमच्या टप्प्याची अधिसूचना १२ एप्रिलला, म्हणजे १२ डी साठी १७ तारखेपर्यंत मुदत. टीचरनी फॉर्म घरपोच आणला, आज्जीचा अंगठा घेतला, पोच दिली. ती पोच आईनं देवघरात ठेवली. एक गोष्ट टीचरनी तीनतीनदा बजावली : हा अर्ज मंजूर झाला की यादीत नावापुढं 'पीबी', म्हणजे पोस्टल बॅलट, असं पडतं, मग मतदानादिवशी केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. मन बदललं तरी नाही. घरी येणारं पथक दोनदा येतं, दोन्ही वेळा माणूस नाही सापडलं तर मत गेलं. आज्जी कुठं जाणार म्हणा.

पथक आलं ते शनिवारी. मी मुद्दाम रात्रीच्या गाडीनं पोचलो होतो. दोन अधिकारी, एक पोलीस, एक कॅमेरावाला, बरोबर टीचर. एवढी माणसं बघून आज्जीनं आधी पदर सारखा केला आणि मला म्हणाली, "चहा ठेव म्हणावं." अधिकारी धारवाडकडचे, कन्नडमधून "अज्जी, हेगिद्दीरी?" असं विचारून खाटेजवळ टेकले. आज्जी हा शब्द दोन्ही भाषांत एकच असल्यामुळं तेवढी ओळख लगेच पटली. ओळखपत्र बघितलं, यादीशी ताडलं. मग एका घोषणापत्राच्या कागदावर अंगठा, कन्नडमध्ये हेब्बेट्टु, आणि त्यावर अधिकाऱ्याची सही. खाटेवर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. मला म्हणाले, तुम्ही बाहेर. हात चालत नसेल, दिसत नसेल तर सोबतीला माणूस घेता येतो. पण आज्जीनंच मला घालवलं. "मला दिसतंय. मी करतो." (आमच्याकडच्या बायका 'मी करतो'च म्हणतात, पुण्यात यावर मला अजून समजावून सांगावं लागतं.)

मी ओसरीवर. आतून तिचा आवाज आला, "शिक्का कुठाय?"

मतपत्रिका म्हटल्यावर तिला शिक्का आठवला. हल्ली घरच्या मतदानात पेनानं खूण करायची असते हे टीचरनी समजावलं. नंतर ती सांगत बसली, की ९६ सालच्या लोकसभेला मतपत्रिका केवढी होती. खरंच, त्या वर्षी सीमाप्रश्नाकडं दिल्लीचं लक्ष जावं म्हणून आपल्या लोकांनी अर्जांचा पाऊस पाडला होता. बेळगाव मतदारसंघात ४५६ उमेदवार उभे राहिले. लोकसभेची अनामत ५०० ची १०,००० रुपये त्याच वर्षी झाली, त्यात बेळगावचाही वाटा आहे. "चिन्ह हुडकूस्तोवर मागची बाई वरडूलालती," आज्जी म्हणाली. यंदा तिला दीड मिनिट पुरलं. कागद घडी करून लहान लखोट्यात, तो लखोटा आणि घोषणापत्र मोठ्या लखोट्यात, डिंक, आणि सगळं मोहोरबंद पेटीत. चहा त्यांनी घेतला नाही, पाणी घेतलं.

आता माझं. माझा चुलतभाऊ फौजेत आहे. त्याला मतपत्रिका ऑनलाईन जाते, तो छापून, खूण करून टपालानं पाठवतो. मोजणीच्या दिवशी सकाळी आठच्या आत पोचली की झालं. बायको त्याच्याजवळ राहते, तिलाही ती सोय. चाकणच्या कारखान्यात पाळ्या करणाऱ्या माझ्यासारख्याला मात्र ना टपाल, ना घरपोच. जानेवारी २०२३ मध्ये आयोगानं परगावातून मत देता येईल असं एक यंत्र दाखवायला पक्षांना बोलावलं होतं. एकमत झालं नाही, ते यंत्र अजून काही आमच्यापर्यंत आलेलं नाही.

मित्र म्हणतात, फॉर्म ८ भरून नाव पुण्याला ने. नेता येतं. पण गावच्या यादीतलं एक मराठी नाव आपल्या हातानं काढायचं, हे सीमाभागात वाढलेल्या माणसाला इतकं सोपं नाही. तात्पुरत्या गैरहजेरीनं माणसाचा रहिवास जात नाही असं कायदा म्हणतो. अकरा वर्षं तात्पुरती म्हणायची का, हे मला कोणी विचारलेलं नाही आणि मीही विचारायला गेलेलो नाही.

अडचण सुट्टीची. बेळगावचं मतदान ७ मे, मंगळवार. चाकणचं १३ मे. एचआरचं म्हणणं, सुट्टी १३ ला आहे, तेव्हा टाका मत. मी लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १३५ ब छापून नेलं : मताधिकार असलेल्या कामगाराला मतदानादिवशी भरपगारी सुट्टी, आणि बाहेरगावी नोकरीला असलेल्यालाही ते लागू आहे असं आयोगाचं स्पष्टीकरण. दोन दिवस मेल वर-खाली फिरले. सुट्टी मिळाली.

सोमवारी रात्रीची गाडी, पहाटे बेळगाव, आठला केंद्रावर. आणि तिथं लक्षात आलं की मतदार ओळखपत्र पुण्याच्या ट्रंकेत राहिलंय. नाव यादीत असलं की आधार, पॅन, पासपोर्ट, लायसन, फोटोचं बँक पासबुक, रोजगार हमीचं जॉब कार्ड असलं काहीही चालतं, हे मला पाठ होतं म्हणून घाम फुटला नाही. माझ्यापुढचा शेजारी मात्र नुसती मतदार चिठ्ठी घेऊन आला होता. २०१९ पासून ती ओळखीचा पुरावा म्हणून चालत नाही. बिचारा आधार आणायला ऊन तापायच्या आत परत पळाला. माझं आधार पुण्यात काढलेलं, त्यात नावातला 'त' इंग्रजीत साधा. इकडच्या यादीत त्याच 'त'ला 'एच'ची शेपटी, कर्नाटकी रिवाजाप्रमाणं. अधिकाऱ्यानं एकदा आधार, एकदा यादीतला फोटो, एकदा मला बघितलं आणि नावावर रेघ मारली. त्याच पानावर थोडं वर आज्जीचं नाव होतं, पुढं 'पीबी'.

घरी गेल्यावर आज्जीनं माझं बोट हातात घेऊन शाई निरखली. "यवढ्यासाठी पुण्याहून आलास?" म्हणाली, आणि आईला जेवण वाढायला सांगितलं. त्याच रात्री परतीची गाडी.

१३ तारखेला सकाळी सातला दूध आणायला खाली उतरलो. सोसायटीचा वॉचमन माझ्या बोटाकडं बघून म्हणाला, "अरे वा, एवढ्या लवकर टाकून पण आलात?"