नगाला अडीच डॉलर

गेल्या मार्चमधली गोष्ट. शुक्रवारचा डाव संपवून मंडळी साडेअकराला घरी गेली आणि पावणेबाराला मी बेसमेंटमधला सोफा आडवा पाडून त्याच्या पोटात मोबाईलचा उजेड मारत होतो. बायको जिन्यात येऊन उभी राहिली.

"काय हरवलं?"

"चिप."

"कितीची?"

"पंचवीस सेंटची."

ती काही बोलली नाही. वर गेली आणि जाताना सवयीनं जिन्याचा दिवा मालवून गेली.

चिप म्हणजे पोकरच्या डावात पैशांऐवजी लावायची चकती. आता पंचवीस सेंटची म्हणजे तिच्यावर तसं छापलंय म्हणून. मला ती अडीच डॉलरला पडली होती. अशा ६०० आहेत. गुणाकार ज्याचा त्यानं करावा. मी तो एकदाच केला, आणि तोही ऑर्डर देऊन झाल्यावर.

आमचा डाव महिन्यातून दोनदा बसतो, न्यू जर्सीत, माझ्या घरी. आठ जण, टेक्सस होल्डेम हा पोकरचा प्रकार, प्रत्येकी २० डॉलर. म्हणजे टेबलावर एकूण १६० डॉलर. त्यातले निम्मे डावभर या खिशातून त्या खिशात फिरतात आणि उठेपर्यंत कुणाचंही भलं झालेलं नसतं. या १६० डॉलरचा हिशेब ठेवायला मी १,५०० डॉलरच्या चिप्स केल्यात. आमच्यातला अकाउंटंट म्हणाला, "हे म्हणजे चहाच्या टपरीला चांदीची किटली." त्याला मी उत्तर दिलं नाही, कारण उपमा बरोबर होती.

या नादाचं मूळ अटलांटिक सिटीत, इथल्या कॅसिनोंच्या गावात, आहे. भारतातून आलेल्या नातेवाइकांना नायगारा दाखवून झाला की आमच्या भागातले लोक त्यांना तिथं नेतात. मी मामांना नेलं होतं. मामा पाच डॉलर हरले आणि उरलेला दिवस समुद्राकडे पाठ करून लाकडी बोर्डवॉकवर शेंगदाणे खात बसले. परत आलो तेव्हा माझ्या पँटच्या खिशात एक लाल चिप राहिलेली. न्यू जर्सीत कॅसिनोच्या चिपांचे रंग नियमानं ठरलेले असतात: एक डॉलरची पांढरी, पाचाची लाल, पंचवीसची हिरवी, शंभरची काळी. मधेच एक गुलाबी असते, अडीच डॉलरची. ब्लॅकजॅक नावाच्या पत्त्यांच्या खेळात पाच डॉलर लावून पहिल्या दोन पत्त्यांतच एकवीस लागले तर साडेसात द्यावे लागतात, त्या अर्ध्या डॉलरच्या सोयीसाठी.

पुढच्या खेपेला वटवू म्हणून ती लाल चिप मी ड्रॉवरमध्ये टाकली. पुढची खेप आली नाही. २०१४ साली त्या गावातले चार कॅसिनो एकापाठोपाठ बंद पडले, अटलांटिक क्लब, शोबोट, रेव्हेल आणि ट्रम्प प्लाझा. माझा त्यातलाच एक. चिपा वटवायची मुदत असते, ती कधी आली नि गेली मला कळलंही नाही. पाच डॉलर बुडाले म्हणून हळहळत ती चिप काढली, आणि तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिली.

कडेनं बारीक उठाव होता: एक टोपी, एक काठी, पुन्हा टोपी, पुन्हा काठी. हात लावला तर प्लास्टिकसारखी गुळगुळीत नाही आणि दगडासारखी खरखरीतही नाही. खडूचा धर्म थोडा, शाडूचा थोडा. काठावरचे रंगीत ठिपके वरून रंगवलेले नव्हते. रंगीत मालाचे तुकडे मूळ चकतीत बसवून, साच्यात घालून, उष्णता आणि दाबाखाली ते एकजीव केलेले होते. त्यामुळे चिप उलटी केली तरी ठिपका आरपार. छतावरच्या कॅमेऱ्याला चवड कडेनं बघून मोजता यावी आणि खोटी चिप करणाऱ्याला घाम फुटावा, अशी दोन्ही कामं ते ठिपके करतात. तसं बघितलं तर नोटेतल्या तारेचेच हे चुलतभाऊ.

टोपी-काठीची खूण पॉलसन या कंपनीची. लास व्हेगासमध्ये १९६३ साली सुरू झालेली. आता माल मेक्सिकोतल्या सान लुईस रिओ कोलोरादोच्या कारखान्यात बनतो आणि २०१९पासून मालकी जपानी आहे. ती कंपनी माझ्यासारख्या घरगुती गिऱ्हाइकाला दारात उभं करत नाही, परवाना असलेल्या कॅसिनोंनाच माल देते. मग हौशी माणसानं काय करायचं? बंद पडलेल्या कॅसिनोंच्या चिपा शोधायच्या. ही सोपी गोष्ट नाही, कारण कॅसिनो बंद पडला की उरलेल्या चिपा नष्ट करतात. जुन्या काळी तर नव्या इमारतीच्या पायात काँक्रीटबरोबर त्या गाडून टाकत. किंवा मग नव्या करून घ्यायच्या. अमेरिकेतल्याच मेन नावाच्या राज्यात हे काम जुन्या पद्धतीनं करणारे लोक आहेत. साचा निवडा, रंग निवडा, ठिपके किती ते सांगा, पैसे भरा आणि महिनोन्‌महिने थांबा. मी थांबलो. आमच्या घराचं प्लास्टर वाळेपर्यंतही मी इतका शांत नव्हतो.

मधल्या गोल चित्रात काय असावं यावर दोन महिने गेले. हौशी लोक आपल्या सेटला एखाद्या काल्पनिक कॅसिनोचं नाव देतात. डाव बेसमेंटमध्ये बसतो, म्हणून मी नाव दिलं 'तळघर'. देवनागरीत. आकडेही देवनागरीत. त्या वेळी मला हे फार सुचल्यासारखं वाटलं होतं.

आईला फोनवर सांगितलं की चिप्स करायला टाकल्यात. ती म्हणाली, "पैसे कशाला घालवतोस, केळ्याचे वेफर्स पाठवते की." पुढे सगळा खुलासा केल्यावर वडील मागून म्हणाले, "जुगाराचं सामान आहे ते." त्यांना मी सांगितलं की महाराष्ट्रानं १९७६ सालीच कॅसिनोंसाठी कायदा केला होता. "मग?" तो कधी लागूच केला नाही आणि २०२३मध्ये रद्द करून टाकला, हे सांगावं लागलं. बाजू पडली.

शेवटी खोकी आली. शंभर-शंभरच्या सहा पाट्या मी रात्रीच टेबलावर मांडल्या. वीस-वीसच्या चवडी, रंगांचा क्रम लावलेला, वरचा दिवा जरा तिरका केलेला. शुक्रवारी मंडळी आली, बूट काढले, बसली. डॉक्टर म्हणाले, "पत्ते कुठायत?"

मी म्हटलं, "नवीन चिपा."

"हां, दिसल्या. वाट."

कोल्हापूरकरानं एक उचलून तळहातावर तोलली. त्याच्या घरी ५०० चिपांचा सेट आहे, अ‍ॅल्युमिनियमच्या पेटीत, प्रत्येकी साडेतेरा ग्रॅम, आत लोखंडाची चकती घातलेली. "हलक्या आहेत रे," तो म्हणाला, "फसवलं तुला." आता याला काय सांगायचं? खऱ्या कॅसिनोची क्ले, म्हणजे माती मिसळून केलेली, चिप साडेआठ ते दहा ग्रॅमच असते. लोखंड घालून जड करायचा प्रकार घरगुती मालातला. पण आपल्याकडे जड म्हणजे अस्सल, पाटली असो नाहीतर पितळी तांब्या. मी आवाजाचा मुद्दा काढला. एकावर एक टाकून दाखवल्या. प्लास्टिकची होते ती टकटक, चिनीमातीची होते ती खणखण, आणि ही बघा, ठप्प, कशी भरीव. तो म्हणाला, "माठ असा वाजला तर आम्ही घेत नाही."

खरा घोळ पुढं झाला. आमच्यात एक तेलुगू मित्र आहे. पहिल्याच डावात त्यानं एक पांढरी चिप पुढं सरकवली आणि म्हणाला, "नाइन." सगळे थांबले. त्याला देवनागरी येत नाही. आपला '१' त्याला इंग्रजी नऊ दिसला. पुढे '५' त्याला चार वाटला, त्याचंही चुकलं म्हणता येत नाही. नऊ डॉलरची आणि चार डॉलरची चिप कोण काढतं, असं तो मला गंभीरपणे विचारत होता. इथंच वाढलेल्या आमच्या मुलाचं म्हणणं तेच पडलं. तेव्हापासून आमच्या टेबलावर एक डॉलरच्या चिपेला सगळे 'नव्वी' म्हणतात. चार महिने थांबून, साचा निवडून, ठिपक्यांचा अभ्यास करून घडवलेल्या चिपेचं बारसं असं झालं.

एकदा अकाउंटंट ब्ल्यू चिप, म्हणजे बड्या भरवशाच्या कंपन्यांच्या, शेअरविषयी बोलत होता. मी संधी साधून म्हटलं की हा शब्दच पोकरमधला आहे. पांढरी, लाल, निळी अशा जुन्या सेटात निळी सर्वांत मोलाची, आणि १९२०च्या दशकात डाऊ जोन्स या अर्थविषयक बातम्यांच्या कंपनीतल्या ऑलिव्हर गिनगोल्ड यांनी तो शब्द शेअरांना लावला असं मानतात. तो म्हणाला, "मग तुझ्यात निळी कुठाय?" माझ्यात निळी नाही. निळ्याची जी छटा मला हवी होती ती त्यांच्याकडे नव्हती. हे कारण मी दिलं, आणि टेबलावर जी शांतता पसरली तिचा आवाज मात्र अगदी भरीव होता.

चिवड्याचा प्रश्न वेगळाच. क्ले तेल पिते. हौशी लोक मुद्दाम तेल लावतातही, पण ते खनिज तेल, मऊ फडक्यानं, थेंबभर. त्यानं कोरडे पडलेले रंग उघडतात. आमच्याकडे तेल लागतं ते फोडणीचं, हळदीसकट. मी ओले नॅपकिन ठेवले, कुणी वापरले नाहीत. काटे-चमचे ठेवले, तेव्हा चिवडा चमच्यानं खायला लावणारा माणूस म्हणून माझं नाव पार एडिसन गावापर्यंत पोचलं. मग मीच दिवाळीआधी एका रविवारी सिंकमध्ये कोमट पाणी, साबण आणि जुना टूथब्रश घेऊन बसलो. धुऊन, टिपून, एकेकीला बेबी ऑइलचं बोट फिरवत होतो. बायको बघत होती. "नरकचतुर्दशीला स्वतःला लावून घेत नाहीस इतकं," ती म्हणाली, आणि शेजारी देवाची समई आणून ठेवली. "हात लागलाच आहे तर." समईही घासली.

डॉक्टरांचं मत सुरुवातीपासून एकच आहे: चिंचोके आणले असते तरी चाललं असतं. हे ते टोमण्यानं म्हणतात, पण मला ते लागत नाही. गौरीच्या जागरणाला आमच्या घरी थोरल्यांचा डाव नाण्यांवर चाले आणि आम्हा पोरांचा चिंचोक्यांवर. आजीच्या डब्यातले ते चिंचोके इतकी वर्षं इतक्या हातांतून गेलेले की तपकिरी काचेसारखे झालेले. त्यात एक कडेनं टवका उडालेला होता. तो माझ्याकडे आला की मी तो लावत नसे, हरायची भीती म्हणून. दहा वर्षांचा असताना जो माणूस टवका उडालेला चिंचोका मुठीत दाबून बसत होता त्यानं पुढे काय करावं अशी अपेक्षा आहे?

चिपेचं मोल हा तसा विचित्रच मामला. २०१०च्या डिसेंबरात लास व्हेगासच्या बेलाजिओ कॅसिनोत एक जण हेल्मेट घालून शिरला, पिस्तूल दाखवून सुमारे १५ लाख डॉलरच्या चिपा उचलल्या आणि मोटरसायकलवरून पसार झाला. त्यात पंचवीस-पंचवीस हजारांच्या चिपा होत्या. कॅसिनोनं काय केलं, तर पंचवीस हजारांची ती चिपच बाद करत असल्याचं जाहीर केलं. कुणाकडे असल्या तर एप्रिलपर्यंत आणून द्या. एखादी चोरीची चिप घेऊन खिडकीशी कोण जाणार? शेवटी त्या विकायच्या खटपटीत तो सापडला. मला त्या चोराची दया येत नाही, पण त्याची अडचण ओळखीची वाटते. हातात इतकं आहे आणि समोरच्याच्या लेखी शून्य.

तर ती हरवलेली चिप. पंचवीस सेंटच्या १६० होत्या, मोजल्या तर १५९. सोफ्यात एक पेन आणि चार काजू सापडले. रात्री बाराला ग्रुपवर मेसेज टाकला. "कितीची?" असं तिघांनी विचारलं. उत्तर दिल्यावर सातही जण हसले. पुढच्या शुक्रवारी डॉक्टर आले, खिशातून क्वार्टर, म्हणजे पंचवीस सेंटचं नाणं, काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "घे बाबा. मिटलं?" त्यांच्या दृष्टीनं मिटलं होतं. एकच नवी करून मागवायची सोय नाही, आणि पुढच्या घाण्यातला हिरवा आधीच्या हिरव्याशी जुळेलच असं नाही, हे मी सांगायला लागलो, तोवर पत्ते वाटून झाले होते.

नोव्हेंबरात थंडी पडली. डॉक्टर मागच्या हिवाळ्यातला कोट घालून आले, खुर्चीवर बसता बसता खिशात हात गेला आणि चिप बाहेर आली. खिशातल्या किल्ल्यांनी कडेला बारीक खरचटलं होतं. बाकी धड.

"घे तुझा दागिना," ते म्हणाले. "आणि माझा क्वार्टर?"

क्वार्टर कुठला असायला! किराणा दुकानाच्या ढकलगाडीला क्वार्टर घातल्याशिवाय साखळी सुटत नाही. तो केव्हाच तिकडं लागला होता. मी पाकीट उघडलं, सुटे नव्हते. वर जाऊन आणतो म्हटलं.

"राहू दे," डॉक्टर म्हणाले, "ती पंचवीस सेंटचीच ना? मग माझ्याकडेच धर." आणि चिप माझ्या हातातून घेऊन त्यांनी आपल्या चवडीवर ठेवली. पहिल्याच डावात सत्तीच्या जोडीवर ती पुढं सरकवली आणि कोल्हापूरकराकडे हरले.