पंखाची मागची कड का वाकली

धुळ्याकडच्या ग्राहकाने सुटे भाग जुळवून बनवायच्या छोट्या विमानाच्या किटचा डावा पंख छोट्या हत्तीवर बांधून जळगावच्या शेडमध्ये आणला. कापड ढोलासारखं ताणलेलं, पण मागच्या कडेची अ‍ॅल्युमिनियमची नळी दर दोन रिबांच्या (पंखाला आकार देणाऱ्या पट्ट्यांच्या) मध्ये आत ओढली गेलेली, टोकाकडचे रिब आडवे कललेले. नळीच पातळ दिली, अशी त्याची तक्रार.

नळी पातळ असतेच. अमेरिकेच्या पार्ट १०३ नियमात एकआसनी अल्ट्रालाइटचं, म्हणजे अगदी हलक्या विमानाचं, रिकामं वजन ११५ किलोच्या आत लागतं. असा हलका सांगाडा जाड नळीचे लाड पुरवू शकत नाही. म्हणून ताण कापडाकडून बेतायचा असतो. पंखावरचं हे पॉलिएस्टरचं कापड इस्त्रीने आकसतं: पहिला हात १२० अंश सेल्सिअसला, मग १५०, शेवटी १७५, तोही सांगाडा सोसत असेल तरच. कड वाकायला लागली की तिथेच थांबायचं. १७५च्या फार वर गेलं की उलट कापड सैल पडतं आणि ते परत ताणलं जात नाही.

"भाऊ, मोजीसनच इस्त्री फिराई ना!" तो म्हणाला. इस्त्रीचं तापमान खरंच मोजलं होतं, लांबूनच मोजणाऱ्या इन्फ्रारेड गनने. घोळ तिथेच होता. इस्त्रीचा तळ चकचकीत. अशा धातूवर गन खरं तापमान दाखवत नाही, बरंच कमी दाखवते. त्याच्याच इस्त्रीच्या तळाला थर्मल पेस्ट लावून थर्मोकपल, म्हणजे टेकवून तापमान मोजणारी तार, दाबून धरला. गन १२० म्हणत होती तेव्हा थर्मोकपल १७०च्या पुढे. म्हणजे पहिल्याच हातात शेवटचा ताण बसला होता, तोही एका बाजूने. खालची बाजू त्याने नंतर घेतली. पंख दर हाताला उलटा करायलाच हवा.

रिब कलले त्याचं कारण वेगळं. कापड चढवण्याआधी रिबांमधून तिरकी विणायची सुती पट्टी त्याने वगळली होती. आतलं कुणाला दिसतंय!

कापड फाडून काढलं, नळी बदलली, पट्टी विणली. मे महिन्यात इथे पत्र्याखाली दुपारी डिंक ब्रशवरच सुकतो, साय धरलेल्या डिंकावर कापड नुसतं टेकतं, चिकटत नाही. त्यामुळे चिकटवणं पहाटे, हातभर-हातभर लांबीत. डिंकातलं एमईके हे द्रावक पेट घेतं, म्हणून तो पूर्ण सुकेपर्यंत इस्त्रीचा प्लग काढलेला. नवं कापड वरून-खालून आलटून पालटून १२०, मग १५०ला घेतलं. नळी सरळ होती, पण दोरी लावून पाहिल्यावर टोकाला किंचित ओढ दिसली, तेव्हा १७५चा हात दिलाच नाही.

कापडावर ऊन अडवणारा चंदेरी रंगाचा थर बसेपर्यंत पंख शेडबाहेर काढायचा नाही, हे त्याला कागदावर लिहून दिलं. उघडं पॉलिएस्टर उन्हाने कुजतं.