तिशीनंतर वरचा जबडा रुंद करून घेताना

वरचा जबडा अरुंद आहे हे मला तिशी उलटेपर्यंत माहीतच नव्हतं. समोरचे दात एकमेकांवर चढलेले, वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आतल्या बाजूला बसायच्या, हसले की ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांत काळोख. म्हणून तारा लावायला गेले. ऑर्थोडॉन्टिस्टनी, म्हणजे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांनी, दातांचा साचा आणि सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) बघून सांगितलं, "दातांना जागाच नाहीये. आधी हाड रुंद करावं लागेल."

टाळूच्या मधोमध पुढून मागे जाणारा एक सांधा असतो. लहान मुलांत तो मोकळा असतो, त्यामुळे एक्सपांडरच्या, म्हणजे टाळूत बसवून स्क्रूनं रुंद करत जायच्या यंत्राच्या, जोरावरच जबडा उघडतो. वयात आल्यावर तो हळूहळू पक्का होत जातो. मोठ्या माणसाला नुसता दाढांवर बसणारा एक्सपांडर लावला तर बऱ्याचदा हाड जागच्या जागी राहतं आणि दाढाच बाहेर कलतात. हिरड्या मागे सरकतात ते वेगळंच. टाळूच्या हाडातच छोटे स्क्रू बसवून, ऑपरेशनशिवाय सांधा उघडायचा पर्यायही असतो. तरुणांत तो बऱ्याचदा जमतो. पण माझा सांधा स्कॅनमध्ये जवळपास मिटलेला दिसत होता आणि रुंदीही बरीच हवी होती, त्यामुळे प्रकरण सर्जनकडे गेलं.

ऑपरेशन पूर्ण भूल देऊन होतं. छेद वरच्या ओठाच्या आत, हिरडीच्या वर. चेहऱ्यावर व्रण नाही. दोन्ही बाजूंचं हाड आडवं कापून सैल करतात आणि समोरच्या दोन दातांच्या मधून सांधा सोडवतात. एक्सपांडर आधीच दाढांना चिकटवलेला होता. दुखण्यापेक्षा सुजेनं जास्त छळलं. वरचा ओठ, गाल, पुढचे दात सगळं बधिर. सर्वांत कडक सूचना नाक न शिंकरण्याची, कारण गालामागच्या सायनसची भिंत कापलेली असते आणि हवा थेट गालात शिरू शकते. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची. इतकी बेढब शिंक मी आयुष्यात दिली नव्हती.

मग किल्ली, म्हणजे एक्सपांडरचा स्क्रू फिरवायची छोटी तार. साधारण आठवडाभर काहीच फिरवायचं नाही. त्यानंतर सकाळ-संध्याकाळ एकेक पाव फेरा, प्रत्येक वेळी पाव मिलिमीटर. आरसा, टॉर्च, आ वासलेलं तोंड. टाळूतल्या स्क्रूच्या बारीक भोकात तार घालायची, घशाच्या दिशेनं ढकलायची, पुढचं भोक दिसलं की थांबायचं आणि तार अशी काढायची की स्क्रू उलटा फिरता कामा नये. नाकाच्या मुळाशी दाब यायचा, मिनिटाभरात ओसरायचा. काही दिवसांत समोरच्या दोन दातांत फट पडली आणि रोज वाढत गेली. भेटणाऱ्यांचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे. डॉक्टर मात्र खूश, कारण फट पडली म्हणजे दाढा न कलता हाड दुभंगलंय. बोलण्याचं मात्र पार भजं झालं. 'स' आणि 'ल' टाळूतल्या धातूवर अडखळायचे. खाल्लेलं सगळं त्या यंत्रात अडकायचं. सुई नसलेल्या सिरिंजनं पाणी मारून ते धुणं हाच एक उपाय.

हवी तेवढी रुंदी मिळाल्यावर स्क्रू पक्का केला आणि तो तसाच काही महिने ठेवला. मधल्या जागेत नवं हाड भरायला तेवढा वेळ लागतो. तोवर फट थोडी आपोआपच मिटत आली, कारण हिरडीतले तंतू दातांना जवळ ओढतात. उरलेलं काम तारांनी केलं, आणि तेच सर्वांत लांबलं.

दाढा आता नीट एकावर एक बसतात. नाकातून श्वासही मोकळा वाटतो; जबड्याबरोबर नाकाचा तळ रुंदावतो, त्यामुळे काहींना तसं वाटतं. पण घोरणं थांबेल या आशेवर हे करू नका, असं सर्जननी आधीच बजावलं होतं. एका सुळ्यावरची हिरडी अजून किंचित बधिर आहे. रिटेनर, म्हणजे दात पुन्हा सरकू नयेत म्हणून घालायचा साचा, रोज रात्री लावते, त्यात सुट्टी नाही.