आईची माळ आणि माझा लाँग रन

आई-बाबांच्या लग्नाला 40 वर्षं झाली म्हणून दादाने (तो सिंगापूरला असतो) कुणाला न विचारता क्रूझच बुक करून टाकली, सिंगापूर-पेनांग-फुकेत आणि परत सिंगापूर, चार रात्री, डिसेंबरचा दुसरा आठवडा. सगळे खूश. मीही खूश, पण पोटात गोळा, कारण जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन, तीही फुल (42 किमी), आणि कोचने दिलेल्या शीटमध्ये नेमक्या त्याच आठवड्यात 28 किमीचा लाँग रन. सहा महिने पहाटे पाचला उठून पुणे विद्यापीठात पळायचं आणि ऐन मोक्याला बोटीवर बसून बुफे हाणायचा, हे काही पचेना. बॅगेत शूज भरताना बाबांनी बघितलं आणि म्हणाले, "एवढे पैसे भरून समुद्रात पळायला निघालीय ही!"

मरीना बे वरून संध्याकाळी बोट सुटली. सगळे वरच्या डेकवर फोटो काढत होते, मी ट्रॅक शोधत होते. सापडला. निळा, रबरी, स्विमिंग पूलच्या वरच्या मजल्यावर, आणि पाटी होती की पाच राउंड म्हणजे 1 किमी. म्हणजे राउंड जेमतेम 200 मीटरचा! बरं म्हटलं, घड्याळ आहे ना हातात, ते मोजेल. 40 मिनिटं आरामात पळाले, घड्याळ बंद केलं आणि बघते तर 24 किमी, पेस (एका किलोमीटरला लागणारा वेळ) 1:40! केनियाच्या केल्विन किपटमने 2023 ला शिकागोत 2:00:35 ची मॅरेथॉन मारली तेव्हा त्याचा पेस साधारण 2:51 होता, म्हणजे मी त्याच्यापेक्षा फास्ट, तेही गप्पा मारत. मग ट्यूब पेटली. बोट 18-20 नॉटने चाललीय, म्हणजे ताशी 33 ते 37 किमी, आणि जीपीएसला काय कळणार की त्यातली बोट किती आणि मी किती. तेव्हा क्रूझवर पळणाऱ्यांनो, घड्याळ आधी ट्रेडमिल मोडवर टाका, म्हणजे ते जीपीएसने मोजणार नाही.

ट्रेडमिलचं पण सांगते. जिम बोटीच्या पार पुढच्या टोकाला, समोर काच, बाहेर समुद्र, एकदम भारी वाटतं. पण टोकालाच बोट सगळ्यात जास्त वरखाली होते (मधोमध कमी), त्यामुळे मध्येच पट्टा पायाखालून खाली गेल्यासारखा वाटतो आणि मध्येच चढ लागल्यासारखा. दहा मिनिटांत उतरले. त्यापेक्षा जिने बरे. चौथ्या डेकपासून चौदाव्यापर्यंत, लिफ्ट अजिबात नाही, हा नियम चारही दिवस पाळला. जेवणाचा मात्र एकही नियम पाळला नाही, त्याबद्दल लिहीत नाही.

पेनांगला दुपारी उतरलो. धक्का अगदी जॉर्जटाउनला लागून आहे त्यामुळे गेटबाहेर पडलं की पळायला सुरुवात. कॉर्नवॉलिस किल्ल्यावरून समुद्राच्या कडेने गर्नी ड्राइव्हपर्यंत जाऊन परत. ऊन आणि घाम असा की मुंबईतला मे बरा. परतल्यावर लिटिल इंडियात आईने माझ्याकडे बघून पदर नाकाला लावला.

फुकेतला जरा राडाच झाला. बोट पातोंगच्या खाडीत नांगर टाकते आणि छोट्या टेंडर बोटींनी किनाऱ्यावर नेतात. बाकीचे जेवून परत गेले, मी म्हटलं शेवटच्या टेंडरने येते, चार वाजताची आहे. पाण्याजवळच्या घट्ट वाळूवर मस्त पळत होते, घड्याळात 2:50, तेवढ्यात वहिनीचा फोन, "अगं कुठेयस तू? शेवटची सुटतेय!" म्हटलं, अहो वहिनी, अजून तासभर आहे. तर ती ओरडलीच, "बोटीवर सिंगापूरचा टाइम आहे, थायलंडचा नाही!" माझा फोन आपोआप थायलंडच्या वेळेवर गेला होता, एक तास मागे, आणि त्याच्यामागे घड्याळही. जेटी दीड किलोमीटर लांब. या सीझनमधला माझा सगळ्यात फास्ट रन तो, आणि घड्याळ थांबवायचं राहिलं त्यामुळे पुरावा काही नाही.

चौथा दिवस अख्खा समुद्रात. हाच लाँग रनचा दिवस. प्रॉब्लेम एकच, राउंड मोजणार कोण? घड्याळ बाद. डोक्यात मोजायचं तर 15 नंतर 16 की 17 ते कळत नाही. आदल्या रात्री एका खिशातून दुसऱ्या खिशात शेंगदाणे टाकायची आयडिया काढली होती, पण ते मी खाल्ले असते. आई म्हणाली, "मी येते. माझी माळ आहे की."

पहाटे सहाला आम्ही दोघी वर. अंधार, डेक नुकताच पाइप मारून धुतलेला, लांबवर मलाक्काच्या सामुद्रधुनीतल्या जहाजांचे दिवे, एक-दोन नव्हे, रांगच्या रांग. आई शाल गुंडाळून खुर्चीत बसली, मी समोरून गेले की एक मणी पुढे. एका बाजूला वारा असा अंगावर यायचा की प्रत्येक राउंडला पेडर रोडचा चढ, वळलं की कुणीतरी पाठीवर हात ठेवून ढकलल्यासारखं. ओठांवर मीठ. सातच्या सुमारास उजाडलं. मी गेले की आई नुसती मान हलवायची, तोंडाने जप चालूच.

अर्ध्यावर गुडघा कुरकुरायला लागला, सतत एकाच बाजूला वळून. ट्रॅक रिकामाच होता, म्हणून उलटी पळायला लागले तर आई म्हणाली, "अगं आत्ता कशाला? मेरुमणी आला की वळायचं!" मी हसत हसत तशीच उलटी पळत राहिले.

अडीच तासांनी तिने हात वर केला. झाली माळ. 108 राउंड, पाचला एक किलोमीटर, म्हणजे 21.6! मी म्हटलं, आई, अजून 32 राउंड, मग 28 होतील. तिने माळ बटव्यात ठेवली आणि उठली. "माळ अर्धवट नाही करायची. करायची तर पूर्ण दुसरी कर. मी चहाला चालले." दुसरी माळ करायची माझ्यात काय ताकद होती! मागोमाग गेले. खाली बाबा डोसा खात होते.

रूमवर येऊन शीट उघडली. 28 च्या रकान्यापुढे लिहिलं, "1 माळ". पाच मिनिटांत कोचचा मेसेज, "म्हणजे किती??"