‘पत्रव्यवहार’ म्हणून पान उलटायचं नाही

ग्रंथालयाच्या नियतकालिक विभागात सूचीचा खाक्या ठरलेला असतो. लेख आला की लेखक, शीर्षक, पृष्ठं, विषय. वाचकांची पत्रं आली की ‘पत्रव्यवहार’ एवढंच लिहायचं आणि पान उलटायचं. ‘ट्रान्झिशन’चे जुने बांधीव खंड टेबलावर आले तेव्हा त्या दिवशी बरंच काम उरकेल, असा माझा अंदाज होता.

हे नियतकालिक रजत नियोगी याने १९६१ साली युगांडातल्या कंपालात सुरू केलं. घराणं बंगाली, जन्म कंपालाचा, वय बाविशी-तेविशीचं. त्याची संपादकीय भूमिका कुठे सापडेल म्हणून मी आधी संपादकीयं चाळली. ती सापडली पत्रांत.

१९६३ साली दहाव्या अंकात नायजेरियन समीक्षक ओबी वाली यांनी लिहिलं की आफ्रिकी लेखक इंग्रजीत लिहीत राहिले तर आफ्रिकी साहित्य बंद गल्लीत शिरेल. आदल्याच वर्षी कंपालातल्याच मकेरेरे विद्यापीठात इंग्रजीतून लिहिणारे आफ्रिकी लेखक जमले होते, त्यामुळे घाव वर्मी लागला. पुढच्या अंकांत म्फालेले, सोयिंका हे इंग्रजीत लिहिणारे आफ्रिकी लेखक पत्रांतून तुटून पडले. नायजेरियन कादंबरीकार अचेबेंचं इंग्रजीची बाजू मांडणारं टिपण आलं ते १९६५ मध्ये, अठराव्या अंकात. (हा वाद आपल्यालाही नवा नाही, फक्त आपल्याकडे मुद्द्यावर यायला जास्त पानं लागतात.) नियमाप्रमाणे सूची केली असती तर वाली आणि अचेबे राहिले असते, मधलं भांडण गायब.

मग सदतिसावा अंक उघडला आणि पत्रांचीही स्वतंत्र नोंद करू द्या म्हणायला उठून सरांकडे गेले.

“मॅडम, उद्या दैनिकांतली पत्रंही नोंदवू म्हणाल,” सर म्हणाले.

मी अंक पुढे केला. छत्तिसाव्या अंकात पिचो अली यांनी न्यायाधीशांनी सरकारच्या विचारसरणीशी बांधील असावं, अशी बाजू मांडली होती. अबू मायांजा या खासदाराने त्याला पत्रातून उत्तर दिलं. ऑक्टोबर १९६८ मध्ये युगांडाचे अध्यक्ष ओबोटे यांच्या सरकारने पत्रलेखक आणि संपादक दोघांनाही पकडलं. राजद्रोहाच्या आरोपातून न्यायालयाने सोडलं, तर सरकारने पुन्हा स्थानबद्ध केलं.

सरांनी पत्र वाचलं. “यात एवढं काय आहे?”

आफ्रिकी न्यायाधीशांच्या नेमणुका जमातीच्या कारणांवरून अडल्याची कुजबुज आहे, पण आपला त्यावर विश्वास नाही, असं एक तिरकस वाक्य. एवढंच.

सरांनी दुसरी शंका काढली. नियतकालिकाला पैसा ‘काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम’ या संस्थेकडून येई, आणि त्यामागे अमेरिकेची सीआयए असल्याचं पुढे उघड झालं, मग असल्या नियतकालिकाचं कौतुक किती करायचं? पैशाचा डाग खराच, तो धुता येत नाही. पण राज्यशास्त्रज्ञ अली माझरुईंनी १९६६ मध्ये घानाचे नेते एन्क्रुमांना ‘लेनिनवादी झार’ म्हटल्यावर त्यांना झोडपणारी पत्रंही इथेच छापली गेली. नुसता ताबेदार संपादक असता तर ती टोपलीत गेली असती, असं माझं मत.

शेवटी सरांनी मान्य केलं, मुदत मात्र वाढवली नाही. वर त्यांनीच एक सुचवलं: प्रत्येक पत्राच्या नोंदीत ते कुठल्या अंकातल्या लेखाला उत्तर आहे, ते टीप म्हणून घाला. हे मला सुचलं नव्हतं, आणि नोंदींपेक्षा तेच जास्त उपयोगी पडतंय. नियोगीने कोणाला कोणासमोर उभं केलं, ते त्यातून सरळ कळतं: मायांजा ३७, पाहा पिचो अली ३६.